चौकटीवरचा कोळी

माझ्या सासूचा मला राग होता, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी बोलू नये.

भोरला संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं माहेर कामथडीचं, सडकेवरचं. दिलं मात्र वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीवर, जिथं माणसांपेक्षा शेरडं जास्त. गोठा घराला लागूनच, त्यामुळं घरात माशांचा नुसता बुजबुजाट. पोर झालं तेव्हा त्या माशा त्याच्या डोळ्यांच्या कडांना चिकटून बसायच्या. मी एका हातानं पोर धरायची, दुसऱ्या हातानं माशा वारायची, आणि सासू विचारायची, भाकऱ्या कधी थापणार?

त्या घरात मला मदत केली ती एका कोळ्यानं. दाराच्या चौकटीवर राहायचा. हरभऱ्याच्या डाळीएवढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. हा कोळी जाळं विणत नाही. माशी बसली की मांजरासारखा दबकत जातो आणि टुणकन उडी मारून तिला धरतो. मी पोराची झोळी मुद्दाम त्या चौकटीजवळ बांधली आणि घर झाडताना तेवढी चौकट सोडायला लागले. सासूला ते खुपलं. तिला माझं सगळंच खुपायचं.

पोर सहा-सात महिन्यांचं असेल. एका सकाळी त्याच्या ओठांभोवती आणि गालावर पाण्यानं भरलेले फोड उठले. दूध ओढताना ते किंचाळायचं. सासूनं आरडाओरडा करून वाडी गोळा केली.

"कोळी मुतला त्याच्या तोंडावर! हिनंच पाळलाय त्यो. आळशी भवानी, चौकट झाडाया हात झिजत्यात हिचं."

अंगावर फोड उठले की कोळी मुतला असं आमच्याकडं सगळेच म्हणत, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. त्या दिवसापासून पोर मला फक्त पाजण्यापुरतं मिळायला लागलं. अंघोळसुद्धा सासू घालायची. मग तिनं निकालच देऊन टाकला. मी माहेरी जायचं, पोर शेरडीच्या दुधावर इथंच वाढवायचं.

"असल्या बाईच्या वटीत माजा नातू म्या ठिवायची न्हाई."

सासरे उठून शेरडं सोडायला गेले. नवरा म्हणाला, "आई म्हनती तर जा थोडं दिस." थोडे दिवस म्हणे! त्याच्या भरवशावर राहिले असते तर पोर कायमचं गमावलं असतं.

निघायच्या दिवशी मी गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि जाण्याआधी एकदा पोराला मीच न्हाऊ घालणार म्हणून अडून बसले. दृष्ट लागू नये म्हणून सासू त्याच्या तळपायाला काजळाची तीट लावायची. एरवी ती पाण्यानं जायची. त्या दिवशी कितीही घासली तरी जाईना, आणि भोवतीची कातडी लाल होऊन फुगलेली. तेवढ्यात पोरानं सवयीप्रमाणं तोच पाय दोन्ही हातांनी ओढून तोंडात घातला.

ते काजळ नव्हतं, बिब्बा होता. बिब्ब्याचा डाग धुतला जात नाही, आणि त्याचं तेल कोवळ्या कातडीला लागलं की ती उतते, फोड येतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला घराबाहेर काढायला म्हातारीनं मुद्दाम काजळाच्या जागी बिब्बा लावला होता आणि बिल माझ्या कोळ्यावर फाडलं होतं.

ओरडून सांगितलं असतं तर सुनेचं कोण ऐकणार? मी चौकटीवरच्या कोळ्यावर वाटी पालथी घातली आणि खालून पळसाचं पान सरकवलं. औषधाला म्हणून देवळीत ठेवलेल्या बिब्ब्यांतला एक सुईला टोचून तेल सुटेपर्यंत दिव्यावर धरला. दोन्ही घेऊन अंगणात आले. मला निरोप द्यायला, खरं तर मजा बघायला, सगळी वाडी जमली होती.

"आत्याबाई, पोराला फोड कशानं आलं ते बगायचंय मला. ह्यातलं एक तुमच्या अंगाला लावते. कोळी का बिब्बा? तुमीच सांगा."

सासू मागं सरली. सुईच्या टोकाला लोंबणाऱ्या काळ्या थेंबावरून तिची नजर हलेना.

"सांगा की. दोनीनं फोडच येत्यात न्हवं?"

तिनं हात पुढं केला, तो वाटीकडं.

मी पान काढलं. कोळी तिच्या मनगटावर आला, जागच्या जागी वळून तिच्याकडं बघितलं आणि उडी मारून भिंतीवर गेला. मग मी पोराला उचलून आणलं आणि त्याचा तळपाय सासऱ्यांपुढं धरला. त्यांनी अंगठ्यानं तो डाग घासून बघितला, उठले, आणि उंबऱ्यावरचं माझं गाठोडं आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सासू ते मनगट पदराखाली झाकून हिंडत होती. मी सगळ्यांदेखत पदर सारला आणि तिचा हात वर धरला. त्यावर एक पुटकुळीसुद्धा नव्हती.