महेजबीन मॅडम आणि उपाशी अळी

वरवट बकालच्या बाजारात बद्रुद्दीनचाचांचं गाद्यांचं दुकान. मुलगी महेजबीन बारावीनंतर तिथंच खोळी शिवायची आणि सगळा बाजार तिला 'गादीवाल्याची' म्हणायचा. समोर कृषी केंद्र चालवणारा कडूबा तर रस्त्यापलीकडूनच ओरडायचा, "ए गादीवाल्याची, सुई हाय का वं?"

मग एका संस्थेनं शेजारच्या गावातल्या प्राथमिक शाळेत पाच कॉम्प्युटर बसवले. पोरांना वाचायला शिकवणारा कार्यक्रम त्यांत होता आणि तो चालवायला कॉम्प्युटरचा कोर्स झालेलं माणूस हवं होतं. महेजबीन गेली. पहिल्याच दिवशी तिसरीचा वर्ग उभा राहून म्हणाला, "नमस्ते मॅडम!" मॅडम कोण आली म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

कार्यक्रम साधा होता. पडद्यावर गुट्टू नावाची अळी यायची. गुबगुबीत, मोठे डोळे, वर पापण्यासुद्धा. आतून पुण्याकडची एक बाई गोड आवाजात म्हणायची, "सांगा बरं, विहीर कुठे लिहिलंय?" दोन शब्द दिसायचे. बरोबर शब्द दाबला की गुट्टू तो खायची, चुकला की वाळायची. पोट भरलं की तिचं फुलपाखरू होऊन पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून उडून जायचं.

महिन्याभरानं संस्थेचे माणिकराव सर बुलढाण्याहून तपासायला आले. तिसरीचा निकाल शून्य होता.

"मॅडम, दोनच पर्याय आहेत. बकरीनं खूर ठेवला तरी निम्मे बरोबर येतात."

"हो सर."

"शून्य आणायला तुम्ही काय केलं?"

"काहीच नाही सर."

"तेच दिसतंय. पुढच्या वेळी असंच असलं तर कॉम्प्युटर दुसऱ्या गावाला जातील. तिथं कार्यक्रम चालवायला गावातलाच माणूस आहे."

कॉम्प्युटर गेले की मॅडम गेली. मागे राहणार 'सुई हाय का वं.'

दुसऱ्या दिवशी ती पूनमच्या पाठीमागे उभी राहिली. पूनम वर्गातली सगळ्यात हुशार. पडद्यातली बाई म्हणाली, "पाऊस." पूनमनं फटकन 'पाऊल' दाबलं. बाई म्हणाली, "कढई." पूनमनं 'कढी' दाबलं. गुट्टू वाळत वाळत आडवी झाली. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पूनम, वाचता येत नाही का तुले?"

"येते ना." पूनमनं दोन्ही शब्द वाचले, खालची सूचना वाचली, कॉम्प्युटरच्या पाठीवरचं 'उन्हात ठेवू नये' तेही वाचलं.

"मंग चुकीचं काऊन दाबून राह्यली?"

"अळी आहे थे, मॅडम. तिले काऊन खाऊ घालू?"

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. बद्रुद्दीनचाचांकडे पिंजायला यायची ती नुसती कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस.

"अवं, हे चित्रातली अळी आहे. हे काही करत नाही."

"बियाण्याच्या थैलीवरही लिहेल होतं, बीटी कपाशीले अळी लागत नाही," पूनम म्हणाली. "मीच वाचून दाखवलं होतं बाबाले."

महेजबीन म्हणाली, "पण हिचं फुलपाखरू होते ना."

"थेच तं! पाखरूच अंडे घालते."

"एक पाखरू शंभर घालते," गोकुळ मागून म्हणाला.

"शंभर नाही बे, दोनशे!"

तास संपेपर्यंत वर्गात यावरच भांडण चाललं.

घरी बद्रुद्दीनचाचा दोऱ्याचे तुकडे एका पिवळ्या नरसाळ्यात टाकत बसले होते. तो कामगंध सापळा होता. आत वासाची गोळी लावतात, पाखरू वासानं येतं आणि खालच्या पिशवीत पडतं. कोण्या शेतकऱ्यानं वैतागून तो दुकानात टाकून दिला होता.

"अब्बा, हा मले द्या."

"अन् दोरे कुठं टाकू?"

"खिशात."

"ने बाप्पा. शाळेत बी अळी पडली का?"

"हाव."

सकाळी तिनं कॉम्प्युटरांच्या उजव्या बाजूला खिळा ठोकून सापळा टांगला. बोलली काहीच नाही. पूनमनं पडद्याचा उजवा कोपरा पाहिला, मग सापळा पाहिला.

"म्हणजे हिले चारून चारून मोठी कराव, अन् उडाली का…"

"मी काही म्हटलं का?"

बाई म्हणाली, "विहीर." पूनमनं विहीर दाबली. "खाय वो माय, खाय! अजून एक घास!" गोकुळनं पायरी चारली, कोणी दरवाजा, कोणी आख्खी बैलगाडी. गुट्टूला दम घ्यायला उसंत नव्हती.

माणिकराव सर आले तेव्हा तिसरीचा एकही शब्द चुकलेला नव्हता. त्यांनी निकाल दोनदा पाहिला.

"आणि हे पिवळं काय आहे?"

"शैक्षणिक साहित्य, सर."

सरांनी त्याचा फोटो काढला. कॉम्प्युटर इथंच राहतील म्हणाले.

ते अजून दारातच होते, तोच पूनम स्टुलावर चढली आणि सापळ्यात डोकावली. "मॅडम, याच्यात तं एकही पाखरू नाही!"

सगळा वर्ग महेजबीनकडे पाहत होता.

"गोळी जुनी झाली असन," पूनमच म्हणाली. "बदलाव लागते."

संध्याकाळी महेजबीन रस्ता ओलांडून कृषी केंद्रात गेली.

"ए गादीवाल्याची, आज इकडं कुठं?" कडूबा म्हणाला.

"कामगंधची गोळी द्या."

"किती एकराले?"

"पाच कॉम्प्युटरले."

कडूबानं तिच्याकडे पाहिलं. मग गोळीची पुडी काढून अदबीनं पुढे ठेवली.

"अजून काही, मॅडम?"