पायाळू पोरीचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. आमच्या खान्देशात मानतात की अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण पळते. आम्ही सुरतेला डिंडोलीत राहायला आलो तेव्हा भांडीकुंडी, गोधड्यांबरोबर माझी ही कीर्तीही आली. सुट्टीच्या दिवशी मिलची माणसं दारात हजर. त्यांनी पालथं झोपायचं, मी उजवा पाय तीनदा ठेवायचा, झालं. मला फार रुबाब वाटायचा, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात जास्त वेळा पाय दिला तो आईला. ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. साडी मळू नये म्हणून दिवसभर दार लोटलेलं. ऊन अंगावर पडायचं ते कपडे वाळत घालण्यापुरतं. दूध बाप्यांच्या चहाला, ती स्वतः कोरा घ्यायची. पन्नाशीच्या आतच तिला बाक आला. फळीवरचा डबा हाताला लागेना, तर आम्ही मेले तिला चिडवायचो, "फळी वर सरकली का गं?" तीही हसायची.

माझं लग्न झालं, मी कामरेजला गेले. एकदा माहेरी आले होते, तेव्हा बादली उचलताना आईच्या पाठीत चमक निघाली. "दे गं पाय," म्हणत ती पालथी झाली. मी काही आता दहा वर्षांची पोर नव्हते, अंगानं चांगली भरले होते, पण हे डोक्यात येईल तर शपथ. सवयीनं पाय ठेवला, थोडा भार दिला. टाचेखाली कट्कन वाजलं.

आई ओरडलीसुद्धा नाही. तिचा श्वासच अडकला. तोंड पांढरंफटक. "काय केलंस?" वडील म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून उजेडाला धरला. एक मणका पुढून चेपला होता. "हा ताजा," ते हिंदीत म्हणाले, "आणि हे खालचे दोन जुने."

मी हबकलेच. जुने? म्हणजे ही बाई मोडक्या मणक्यांनी हंडे भरत होती, उंची त्यानंच घटली होती, आणि आम्ही त्यावर दात काढत होतो.

त्यांनी विचारलं, "पिशवी काढलीय का?" काढली होती, पस्तिशीच्या आत, गावाकडे, अंडाशयांसकट. मग त्यांनी समजावलं. पाळी अशी वेळेआधी थांबली की हाडं आतून विरळ व्हायला लागतात. ना सूज, ना ताप. मोडल्यावरच कळतं. त्यात तिला ना दूध ना ऊन. आता गोळ्या, दूध, नागलीची भाकरी, सकाळचं ऊन, दुखणं उतरलं की रोज चालणं. वाकून ओझं उचलायचं नाही. "आणि पाठीवर कुणाचा पाय नाही," माझ्याकडे बघून म्हणाले.

मी विचारलं, "बादलीनं मोडलं की पायानं?"

"ते सांगता येणार नाही, बेन."

घरी आल्यावर दोन दिवस मी आईच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिला पेज भरवताना राहवलं नाही. म्हटलं, "आई, आधी तरी माझ्या पायानं बरं वाटायचं ना तुला?"

तिनं घास गिळला. "नाही गं."

"एकदाही नाही?"

"उलट जास्तच दुखायचं. पण तू केवढी खूश व्हायचीस. मग मी म्हणायचे, गेलं दुखणं."

मी वाटी हातात धरून बसले. तिनं पाणी मागितलं, ते मला दुसऱ्यांदा मागितल्यावर ऐकू आलं.