विशेष गुण : काही नाहीत

दोन हजार तेवीस साल, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. एवढ्या वर्षांत माणसं पुष्कळ पाहिली, पण आपल्याच वस्तूला नावं ठेवण्यात माझ्या इवायाचा हात धरील असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात मला भेटला नाही. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. ते अंबडचे, मी वडीगोद्रीचा. ते मॅट्रिक, मी तिसरी. पण तिसरी मी माझ्या मर्जीनं सोडली, मास्तरनं काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांच्या मोसंबीच्या बागेत व्यापारी आला की, "यंदा माल बेताचाच हाय, शेजारची बाग बघा," असं म्हणतात, आणि व्यापारी बिचारा खरंच शेजारी जातो. बैल विकायला नेला तर गिऱ्हाइकानं दाव्याला हात लावायच्या आत त्याला बैलाच्या खोडी सांगून मोकळे होतात. त्यातल्या निम्म्या खोडी बैलाच्या नसून त्यांच्या स्वतःच्या असतात. दोन मजली घर बांधलं, त्याला आडोसा म्हणतात. लग्न ठरल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा निरोप आला, मीठ-भाकर आहे, गोड मानून घ्या. मी सरळ माणूस. मीठ-भाकर म्हटल्यावर घरून पोटभर जेवून गेलो. पाटावर बसलो तर समोर पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया आणि तुपाची वाटी. नाही म्हणावं तर इवायाचा अपमान, खावं तर पोटात जागा नाही. मीही हट्टी, सहा पोळ्या खाल्ल्या. परतीच्या एसटीत जागा रिकामी असून वडीगोद्रीपर्यंत उभा राहून आलो, कारण बसता येत नव्हतं.

मात्र एक आहे. नावं त्यांनी ठेवायची, तुम्ही हो म्हणायचं नाही. एक पाव्हणा एकदा चुकून म्हणाला की हो, बैल जरा थकल्यासारखाच दिसतो, तर त्याच्याशी त्यांनी पुढच्या पोळ्यापर्यंत बोलणं टाकलं. आणि लेकरांच्या बाबतीत तर आम्हा दोघांच्याही घरचं वळण एकच: आपल्या पोराचं कौतुक आपण करायचं नाही, ते समोरच्यानं करायचं. मुलगी दिली तेव्हा मीसुद्धा रीतीप्रमाणं हात जोडून त्यांना म्हणालो होतो, "पोरीला काही येत न्हाई, सांभाळून घ्या."

तर यंदा आमची नात आरोही चौथी झाली. अंबडच्या एका शाळेत पाचवीपासून हुशार मुलांचा वेगळा वर्ग होता. त्यासाठी एक लेखी परीक्षा, आणि घरच्यांनी भरून द्यायचा एक फॉर्म. परीक्षेत पोरगी तिसरी आली आणि यादी लागली तर तिचं नावच नाही. ती रडली नाही. यादी तिनं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि घरी येऊन वह्यांना घातलेली नवी कव्हरं एकेक करून काढून ठेवली. जावई चौकशीला गेला तेव्हा शाळेनं त्याच्यापुढं फॉर्म ठेवला. 'मुलाच्या अंगचे विशेष गुण' या रकान्यात माझ्या इवायाच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: "काही नाहीत. सांभाळून घ्यावे."

आता शाळेला काय ठाऊक की ही आमची बोलायची रीत आहे? फेरविचाराचा अर्ज आठ दिवसांत द्यायचा होता, आणि ज्यानं फॉर्म भरला त्यानं समक्ष यायचं होतं. सातव्या दिवशी इवायाचा मला फोन आला.

"तुम्ही चला. तुम्ही समोरचे. आमच्या पोरीचं आमच्या तोंडून शोभत न्हाई."

"अन् फॉर्मवर काय शोभलं मंग?" मी विचारलं. त्यावर ते नुसतेच खोकले.

मी कडक इस्त्रीचं धोतर नेसून गेलो. शाळेच्या दारात "आधी तुम्ही", "न्हाई, आधी तुम्ही" यात पाव तास गेला. शेवटी शिपायानं दोघांना एकदमच आत लोटलं. मोठ्या बाई तरुण होत्या, चष्म्यातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, मुलीत काय विशेष आहे ते सांगा. रस्ताभर मी भाषण जुळवत आलो होतो. पण नात ती माझीही आहेच की. तोंड उघडलं आणि जन्मभराची सवय आडवी आली.

"तशी बरी हाय," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारची खुर्ची कर्रकन वाजली. इवाई उभे राहिले होते.

"बरी? इवाई, बरी म्हणता?" आणि मग तो माणूस जो सुटला! झाडाच्या एका फांदीची मोसंबी मोजून पोरगी अख्ख्या झाडाचा अंदाज सांगते आणि व्यापारी तोंडात बोट घालतो. पाण्याची टाकी भरायला किती वेळ लागतो ते तिनं तीन दिवस घड्याळ लावून लिहिलं, आणि पाइप जमिनीत कुठंतरी फुटलाय म्हणाली. उकरलं तर बराबर फुटलेला. एकदा त्यांनाच विचारलं, आबा, तुम्ही आपला बैल वाईट म्हणता, मग विकत का नाही? हे सगळं त्यांनी कधी पाहिलं, कधी साठवलं, देव जाणे. डोळ्यांत पाणी, आवाज चढलेला, दाराशी पोरं गोळा झालेली. बाई लिहून घेत होत्या.

"घरी अभ्यास कोण घेतं?" बाईंनी मधेच विचारलं.

"तिची आई. भाकरी करता करता. गणितं तोंडी घालती. पण तिला काही येत न्हाई हो," इवाई खाली बसत म्हणाले. "ह्यांनीच सांगितलं होतं लग्नात."

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. बारा वर्षं त्यांनी माझा शब्द खरा धरला होता. मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिलो.

बाईंनी फॉर्म पुढं सरकवला. जुनी ओळ खोडून सही करा म्हणाल्या, सोमवारपासून मुलीला पाठवा. इवायांनी ती ओळ दोनदा खोडली. बाहेर आल्यावर चेहरा एवढासा करून विचारतात, "लई बोललो का हो?" मी म्हणालो, "बेताचंच." तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी घडी करून ठेवलेलं माझ्या मुलीचं बारावीचं गुणपत्रक काढलं. कॉलेजात पहिली आली होती ती. गावात मी सांगितलं होतं, झाली कशीबशी पास. पुढं शिकते म्हणत होती. मी स्थळ बघितलं. पहिल्या एसटीनं अंबड गाठलं. इवाई ओट्यावर चहा पीत होते, आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि आरोही जमिनीवर बसून वह्यांना पुन्हा कव्हरं घालत होती. कागद मी इवायाच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा," मी म्हणालो. "माझ्या तोंडून शोभत न्हाई."