संदर्भ : बसस्टँडसमोरचा सायबर कॅफे

चार प्राध्यापक एका जागी संशोधन करायला लागले की प्रबंध पुढं सरको न सरको, किस्से मात्र धडाधड तयार होतात! आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या स्टाफरूमचं तसंच झालं. प्रबंध वर्षानुवर्षं अर्धवट, आणि किस्से चहाच्या प्रत्येक फेरीला ताजे. अजूनही आम्ही जुनी मंडळी भेटलो की एकानं सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी हसत हसत त्याच्या चुका काढायच्या.

काळ कसा, तर बाजार खुला झालेला, गावात रंगीत पाट्या झळकायला लागलेल्या आणि बसस्टँडसमोर चक्क सायबर कॅफे! तिथं परदेशातल्या विद्यापीठाची डिजिटल लायब्ररी उघडते, हा शोध आमच्या महादेवनं लावला. महादेव म्हणजे लिंबागणेश गावचा, तासिका तत्त्वावरचा, आठवडी बाजारांवर पीएच.डी. करणारा. पीएच.डी. झाली तर कायम, नाही तर जूनपासून घरी बस, असं संस्थेनं त्याला तोंडावर सांगितलेलं. तो पळतच स्टाफरूममध्ये आला.

"सर, अख्खी लायब्ररी हाय! कार्ड न्हाई, डिपॉझिट न्हाई, गप्प बसा म्हणणारं बी कुणी न्हाई!"

त्या दुपारचा शेवटचा तास कुणी घेतला, ते आजही कुणाला आठवत नाही.

* * *

प्रिंट काढणं परवडायचं नाही. म्हणून पडद्यावरचं इंग्रजी वाचायचं आणि आपल्या मराठीत उतरवून घ्यायचं. कागद भरले की वाटायचं, वा, काय लिहिलंय आपण!

आमचे गाइड रझवी सर. बोलणं अदबीचं, पण संदर्भाच्या बाबतीत कर्दनकाळ! महादेवचं पहिलं प्रकरण वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मियाँ, हे कुणाचं?"

"माझंच की सर. समदे शब्द माझे हायत."

"दुसऱ्याच्या बैलावर आपली झूल घातली, तर बैल तुझा झाला का?"

महादेवचं तोंड एवढुसं झालं. सर जरा नरमले. म्हणाले, "शब्द बदलले तरी विचार त्याचाच ना? मग कुठं वाचलं, केव्हा वाचलं, सगळं खाली लिहायचं. नेटवरचं पान आज हाय, उद्या न्हाई."

* * *

महादेव पक्का आज्ञाधारक. पुढच्या प्रकरणात पहिल्याच तळटीपेत त्यानं लिहिलं :

'संदर्भ : बसस्टँडसमोरचा सायबर कॅफे, खिडकीजवळचा कॉम्प्युटर, मंगळवार, लाईट असताना.'

लेखकाचं नाव नाही, लेखाचं नाही, काही नाही! रझवी सरांनी ते दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "आन् खुर्ची कोणती होती, ते राहिलंच की."

"प्लास्टिकची, सर," असं म्हणून महादेवनं लिहायला पेनसुद्धा काढलं!

* * *

घुगे सर अर्थशास्त्राचे आणि भयंकर घाईचे. त्या काळी नेटवरचं पान वरून खाली हळूहळू उतरायचं. क्लिक करा, चहा पिऊन या, तोवर मथळा आलेला असायचा. घुगे सरांचं पान अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली.

तेवढ्यावर थांबतील ते घुगे सर कसले! वाचलं तेवढं आपल्या शब्दांत मांडलं, लेखकाचं नाव-गाव, तारीख, सगळा संदर्भ बिनचूक दिला आणि बीडच्या चर्चासत्रात टेबलावर हात आपटून वाचलं, "खुल्या बाजारात छोटा दुकानदार संपणार म्हणजे संपणारच!" टाळ्याच टाळ्या!

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच पान प्रेमानं पुन्हा उघडलं. लाईट टिकली. खालच्या अर्ध्यात लेखक म्हणत होता, 'असं बऱ्याच जणांना वाटतं. ते साफ चूक आहे.'

"आता हो सर?" आम्ही विचारलं.

"कावून? माझा संदर्भ लई बरोबर हाय," घुगे सर म्हणाले. "लाईट होती तवरचा दिलाय!"

* * *

आमच्यातल्याच शैलजा मॅडमनी मात्र रझवी सरांची धास्तीच घेतली. साध्या वाक्यालाही तळटीप! 'पाऊस लांबला की बाजारात गिऱ्हाईक घटतं.' खाली संदर्भ : 'सासरे, प्रत्यक्ष चर्चा, ओसरीवर.'

रझवी सरांनी विचारलं, "मॅडम, सासऱ्यांची आवृत्ती कोणती?"

"पहिलीच, सर. आन् सुधारणा होईल असं वाटत न्हाई!"

* * *

आणि मग महादेवची तोंडी परीक्षा. पुण्याकडून एक्स्टर्नल परीक्षक आलेले. आम्ही सगळे मागच्या बाकांवर. नोकरी त्याची पणाला लागलेली, पण घाम आम्हाला फुटलेला.

सगळं छान चाललं होतं. बाहेर पेढ्यांचा पुडा तयार होता. तेवढ्यात एक्स्टर्नल सरांनी एका पानावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "'बाजार खरेदीपुरता नसतो. चतुर्थीला लिंबागणेशला आलेला माणूस नारळ घेतो आणि जाताना लेकीची सोयरीक ठरवून जातो.' खाली संदर्भ आहे अमेरिकन लेखकाचा. डिजिटल लायब्ररी, पाहिल्याची तारीख, सगळं व्यवस्थित. मला फक्त एवढं सांगा, हे गृहस्थ लिंबागणेशला कधी आले होते?"

रझवी सर खाली बघायला लागले. लेखकाचं म्हणावं तर धडधडीत खोटं, आणि आपलं म्हणावं तर संदर्भ खोटा! गेलं पोराचं, असं मला अगदी आतून वाटलं.

महादेव उभा राहिला.

"सर, ते माझं हाय. लहानपणापासून बघितलेलं. पर मी म्हणतो म्हणलं असतं, तर कोण मानणार? म्हणून त्यांचं नाव लावलं."

एक्स्टर्नल सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "अहो, अख्ख्या प्रबंधातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हे आहे! पदवीची शिफारस मी करतोय. पण आधी त्या अमेरिकन माणसाला इथून काढा आणि तिथं तुमचं स्वतःचं नाव घाला."

त्यांनी आपलं पेन पुढं केलं. महादेवनं डोळे पुसले, अमेरिकन लेखक खोडला, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. आणि मान वर करून विचारलं,

"सर, पान नंबर काय टाकू?"