खाली बसलेली जर्मन गाडी

सहादू मिस्त्री मनाने वाईट नव्हता, तोंडाने होता. मुंबई नाक्यावर माझ्या टायरच्या दुकानाला लागूनच त्याचे गॅरेज, त्यामुळे त्याच्या बढाया मला न मागता मिळत. "नाशकात अशी गाडी नाय, जी सहादूला उठवता येत नाय," हे तर उठता-बसता.

ब्याऐंशी साली लासलगावचे कांद्याचे व्यापारी कोंडाजीशेठ यांनी मुंबईच्या लिलावात कुठल्याशा वकिलातीची जुनी जर्मन गाडी घेतली. तिला ना पाटे, ना स्प्रिंगा. चाकांपाशी हवेने फुगलेल्या रबरी पिशव्या आणि त्यांच्यावर अख्खी गाडी. खाली मागच्या बाजूला एक बारीक दांडी होती. गाडी दबली की ती दांडी वर सरकून व्हॉल्व्हमधून पिशव्यांत हवा भरून घ्यायची, गाडी जास्त उठली की खाली ओढली जाऊन सोडून द्यायची. हे मलाही ठाऊक, कारण सहादूने ते साऱ्या नाक्याला ऐकवले होते.

शेठच्या मुलीच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून मांडवात येणार, असा शब्द शेठनी व्याह्यांना दिला होता. आदल्या दिवशी सहादूने तेलपाणी करून गाडी सोडली. लग्नाच्या सकाळी ती परत आली, मागून जमिनीला टेकत.

"मागं कांद्याच्या गोणी भरल्या का, शेठ?" नाक्यावरच्या पानवाल्याने विचारले.

शेठ हसले नाहीत. "दुपारपत्तर उठली तर ठीक," ते सहादूला म्हणाले, "नायतर ट्रकवर घालून मुंबईला धाडतो."

सहादूचा चेहरा पडला. साऱ्या नाक्यादेखत गाडी ट्रकवर चढली, तर उद्यापासून त्याच्याकडे सायकलसुद्धा कोणी आणणार नव्हते. तरी तोंड गप्प बसेना. "ट्रकवर चढली तर गॅरेजची पाटी उतरवीन," तो म्हणाला आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. गरज होती का हे बोलायची?

इंजिन सुरू केले. हवेचा पंप ठणठणीत, पुढची बाजू ऐटीत उठली, मागची ढिम्म. पिशव्यांना साबणाचे पाणी लावले, नळ्यांना लावले. एक बुडबुडा येईल तर शपथ. मग त्याने कान लावला. दांडीपाशी सूंऽऽ असा आवाज येत होता. भरलेली हवा तिथूनच निघून जात होती.

"दांडीखालचा व्हॉल्व्हच गेला," तो खालून म्हणाला. "त्यो जर्मनीत मिळंल." आणि त्याने हातातला पाना खाली ठेवला. सहादूने हार मानलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला खरेच वाईट वाटले.

तेवढ्यात त्याची बायको चांगुणा डबा घेऊन आली. त्या गॅरेजातून लिंबू-मिरची बांधल्याशिवाय गाडी बाहेर पडत नसे. चांगुणा ओवायची, सहादू बांधायचा. गाडीची दशा पाहून ती कडाडलीच, "काल मी दिलेलं लिंबू बांधलं नाय ना?"

"बांधलं की," खड्ड्यातून आवाज आला. "शेठला बंपरवर असलं काय चालत नाय, म्हणून खाली बांधलं. मागल्या अंगाला, त्या दांडी..."

 मी वाकून पाहिले. लिंबू, मिरच्या, बिब्बा, आणि मिस्त्रीच्या हाताने करकचून पीळ घातलेली तार. तारेने दांडी खाली ओढून धरली होती. गाडी फारच उंच झाली, अशा समजुतीने दांडी बिचारी इमानेइतबारे हवा सोडत होती.

पकडीने तार तुटली. गाडीची मागची बाजू सावकाश उठू लागली. शेठ चहा टाकून धावत आले.

"काय झालं व्हतं रे?"

सहादूने तुटलेली तार मुठीत लपवली.

"नजर लागली व्हती, शेठ," चांगुणा शांतपणे म्हणाली. "काढली."

शेठनी गाडीकडे पाहिले, मग जमलेल्या लोकांकडे. "मंग एक लिंबू बांध बाबा," ते हळू आवाजात म्हणाले. "हितं, बंपरवरच. समद्यांला दिसू दे."

सहादूने बांधले, पण साध्या दोऱ्याने. संध्याकाळपर्यंत तो कोणाशी एक शब्द बोलला नाही.