चालू कॉम्प्युटर उघडला ती सकाळ

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तर सरहद्दीवरच्या एका बर्फातल्या पोस्टवर होती. मी सिग्नल्सचा नायक. ताब्यात एक रेडिओ सेट, एक जनरेटर आणि एक जुना कॉम्प्युटर. हाताखाली लान्स नायक दत्तू. मी राहुरीचा, तो कोपरगावचा. फौजेत एका जिल्ह्याचे दोघे भेटले की नातं आपोआप लागतं. तो मला दादा म्हणायचा.

आमचं काम ठरलेलं होतं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बटालियनकडून हिमस्खलनाचं बुलेटिन यायचं. नकाशाच्या रूपात यायचं, त्यामुळे फाइल जड असायची. लाल भाग म्हणजे धोका. आमची गस्त सकाळी निघायची आणि दुपारी परतायची. परतीच्या दोन वाटा होत्या. नाल्याची वाट जवळची, पण वरून बर्फ सुटायची भीती. डोंगराच्या धारेवरची वाट लांबची, वाऱ्याची, पण सुरक्षित. फाट्यावर पोचलं की गस्तीतला सेटवाला मला विचारायचा, नाला की धार. मी बुलेटिन बघून सांगायचो.

अडचण कॉम्प्युटरची होती. मेमरी इतकी कमी की नकाशा उघडता उघडता तो गप्प व्हायचा. कधी बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. फाट्यावर माणसं वाऱ्यात उभी आणि इथं मी पडद्याकडे बघत बसलेलो. दत्तू म्हणायचा, "दादा, तुमचा कॉम्प्युटर आमच्या कालव्यावानी हाय. पानी सुटलं म्हनत्यात, टेलला काय पोचत न्हाई." त्याचं शेत कालव्याच्या अगदी शेवटी होतं. त्याला ते बोलायचा हक्क होता.

स्टोअरमध्ये त्याच मॉडेलचा एक बंद पडलेला कॉम्प्युटर होता. त्यातली रॅमची पट्टी काढून आमच्यात बसवली तर मेमरी दुप्पट होणार होती. मी बरेच दिवस विचार करत होतो. बसवावी तर काम वेगानं होईल. न बसवावी तर निदान आहे ते चालू राहील. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांना विचारलं. ते जुन्या वळणाचे. म्हणाले, "चालत्या गाडीचं बोनेट उघडायचं नाही. गस्त आत आल्यावर काय ते कर."

त्या दिवशी सहा जणांची गस्त निघाली. सेट दत्तूकडे होता. सकाळचं बुलेटिन साफ होतं. ते उघडायलाही कॉम्प्युटरनं फार वेळ घेतला होता. गस्त गेल्यावर मला वाटलं, दुपारपर्यंत मोकळा वेळ आहे. दत्तू फाट्यावरून विचारेल तेव्हा ताबडतोब उत्तर देऊ. तो चकित होईल. एवढंच माझ्या मनात होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला.

त्या उंचीवर हवा कोरडी असते आणि अंगावर कायम लोकर. अंगात वीज साठते आणि हात लागला की यंत्राचा नाजूक भाग जाळते. म्हणून सिग्नल्सचा साधा नियम आहे. कुठलंही यंत्र उघडण्याआधी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला हात लावायचा. नव्या जवानांना मीच हे शिकवत असे. त्या सकाळी मी घाईत हातमोजे ओढून काढले आणि थेट कॉम्प्युटरच्या आत हात घातला. बोटातून चट् असा आवाज आला. तो मला ऐकू आला. तरी मी पट्टी बसवली.

कॉम्प्युटर सुरू झाला नाही. नुसती शिट्टी वाजवत राहिला. नवी पट्टी काढून जुनीच परत बसवली. तीच शिट्टी. खोडरबरानं पट्टीचे दात घासले, जागा बदलली, बॅटरी काढून घातली, बुखारीच्या शेगडीजवळ धरून ऊब दिली. थंडीत मला घाम फुटला होता. एकेक उपाय तीन-तीनदा केला. शेवटी तर मी त्याला हात जोडले.

बटालियनला रेडिओवर बुलेटिन वाचून दाखवायला सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, "बुलेटिन मेलवर पाठवलंय. इथं कागद नाही, आणायला माणूस पाठवतो. स्टँडबाय."

मी स्टँडबायवर असतानाच दत्तूचा आवाज आला. "फाट्यावर हाय. नाला का धार? ओव्हर."

"थांब. ओव्हर."

त्यानं थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांब म्हणालो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दादा, वारं लई हाय. एकाचं पाय बधिर झाल्यात. सकाळचं तर साफ हुतं न्हवं?"

कॉम्प्युटर मी बंद पाडलाय, मला काही दिसत नाही, तू धारेनं ये, एवढं सांगायचं होतं. सगळे सेटवर ऐकत होते. मला लाज वाटली. मी म्हणालो, "हो. साफ होतं."

"नाल्यानं येतो. आऊट."

बटालियनचा ऑपरेटर परत आला तेव्हा त्याचं पहिलंच वाक्य होतं, "नाला पूर्ण लाल. अवॉइड करा." मी दत्तूला हाक मारली. दोनदा उत्तर नाही. तिसऱ्यांदा आलं. "नाल्यातच हाय दादा. बोला." मी म्हणालो, बाहेर निघा. पुढे सेटवर फक्त खरखर राहिली.

पाच जण जिवंत परतले. त्यांनीच सांगितलं. सेट वाजला म्हणून दत्तू थांबला होता. बाकीचे चालत राहिले. आम्ही अंधार पडेपर्यंत खणलं. सुभेदार साहेब हातानं खणत होते. दत्तू दुसऱ्या दिवशी सापडला. सेट पाठीवरच होता.

चौकशीत मी पट्टीपासून "हो"पर्यंत सगळं सांगितलं. निष्कर्ष निघाला की नैसर्गिक आपत्ती, कोणाचा दोष नाही. मला शिक्षा हवी होती.

आता राहुरीत घरीच एका जुन्या कॉम्प्युटरवर मी माजी सैनिकांची पेन्शनची कामं करून देतो. तो फार संथ आहे. रॅमची नवी पट्टी आणून टेबलावर पाकिटातच ठेवलेली होती. बसवायला हात धजत नव्हता. मंगलवहिनी, दत्तूच्या पत्नी, दरवर्षी कोपरगावहून हयातीचा दाखला करायला माझ्याकडेच येतात. काय घडलं ते त्यांना मी तेराव्यालाच सांगितलं होतं. तेव्हा त्या उठून आत गेल्या होत्या. पुढच्या वर्षी दाखल्यासाठी आल्या. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

यंदा त्यांचा अंगठा मशीनवर असताना तीनदा कॉम्प्युटर अडकला. त्यांची परतीची एसटी चुकली. टेबलावरच्या पाकिटाकडे बघून त्यांनी विचारलं की ते काय आहे. मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, बसवा ती. मी हितंच बसलेय."

मी खिडकीच्या गजाला हात लावला. लावूनच ठेवला. मग दुसऱ्या हातानं पट्टी बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि दाखला लगेच निघाला. वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करून उठल्या. "एवढंच हुतं व्हय," म्हणाल्या आणि स्टँडकडे निघाल्या.

एवढंच होतं. पट्टी बसवायचा विचार त्या दिवशीही बरोबर होता. गस्त आत येईपर्यंत थांबायचं होतं आणि सळईला हात लावायचा होता. आता फाइल क्षणात उघडते, आणि प्रत्येक वेळी मला दत्तू फाट्यावर वाऱ्यात उभा दिसतो. नाला का धार, विचारत. मी रोज मनात धार म्हणतो. ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.