ज्याची गोळी त्यालेच

माझी बहीण मला नेहमी विचारते, "तू ज्या घरांत जातेस, तिथे हसण्यासारखं काय असतं गं?" तिचं बरोबर आहे. आमची गाडी ज्या दारात थांबते, तिथे कुणीतरी बरं न होणारं दुखणं घेऊन पडलेलं असतं. पण माणूस आजारी पडला म्हणून त्याची जीभ काही लुळी पडत नाही, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाची तर अजिबातच नाही! किस्से गोळा करायला मी जात नाही. परतीच्या रस्त्यावर सागाच्या जंगलातून गाडी धक्के खात असते, तेव्हा दिवसभरातलं एकेक आपोआप वर येतं. हसतो, मग गप्प बसतो, मग पुन्हा कुणीतरी बोलतं.

गाडीत आम्ही तिघं. डॉक्टर, जे फारसं बोलत नाहीत. ड्रायव्हर पुंडलिकभाऊ, जे थांबत नाहीत. आणि मी, नर्स. कॅन्सरच्या पेशंटची वेदना घरी जाऊन कमी करायची हे आमचं काम, आणि त्यातलं मोठं हत्यार म्हणजे मॉर्फिनची गोळी. हत्यार म्हटलं की ते कसं धरायचं हेही शिकवावं लागतं. आमचा निम्मा वेळ त्यातच जातो.

*

चिमूरला एक रिटायर्ड हेडमास्तर होते. कॅन्सर हाडांत गेलेला. कूस बदलायची तर दात आवळायचे. डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं, तसा त्यांचा मुलगा आम्हाला अंगणात घेऊन आला.

"डॉक्टरसाहेब, हे नका देऊ. सवय लागते म्हणतात. बाबा सुपारीच्या खांडालेबी शिवले नाई जन्मात!"

बोलताना त्याच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. दर दोन वाक्यांनी तो कुंपणाशी जाऊन थुंकून येत होता. डॉक्टर शांतपणे समजावत होते, की इतक्या वेदनेत, मोजून, आमच्या देखरेखीखाली दिलं तर त्याची अशी भीती बाळगू नये. डोस आम्ही ठरवतो, आम्हीच वाढवतो, कमी करायचा तर तोही हळूहळू आम्हीच करतो. मनानं काही करायचं नाही. मुलगा मान हलवत होता आणि थुंकत होता.

आतून मास्तरांचा आवाज आला. शाळेतला आवाज, वेदनेतही खणखणीत.

"डॉक्टर, पयले त्याचा खर्रा सोडवा! मंग माह्या सवयीचं पाहू!"

त्या संध्याकाळपासून गोळी सुरू झाली. आठवड्यानं गेलो तर मास्तर उशीला टेकून पेपर वाचत होते आणि मुलगा खर्रा खायला घराबाहेर, रस्त्यापलीकडे जात होता.

*

मॉर्फिननं पोट हटकून अडतं. म्हणून गोळीबरोबर जुलाबाचं औषध द्यावंच लागतं, आणि मला प्रत्येक घरी पहिला प्रश्न 'संडास झाली का?' हाच विचारावा लागतो. पुंडलिकभाऊंना याचा भारी संकोच. आम्ही पोचलो की घरची बाई हमखास चहा ठेवते, त्यांनी कप तोंडाला लावला की माझा प्रश्न येतो.

"ताई, आधी राम राम तं करत जा!" असं ते एकदा कळवळून म्हणाले.

आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावी सोमाजीभाऊ होते. कॅन्सर कण्यात उतरलेला. वर्षभर त्यांनी दुखणं कुणाला सांगितलं नव्हतं. मी रीतसर सगळं विचारलं. कधी झाली, कशी झाली, त्रास झाला का. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि बायकोला, रायबाईला, गोंडीत काहीतरी म्हणाले. ती पदर तोंडावर धरून हसायला लागली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, एवढी चवकशी त माह्या मायनंबी केली नोती!"

*

याच सोमाजीभाऊंची गोळी दर चार तासांनी द्यायची होती. दुखणं डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी, हा त्यातला मुद्दा. घरात घड्याळ नव्हतं, मोबाईल सुनेचा, आणि ती मोहर्लीला रिसॉर्टवर कामाला. रायबाई म्हणाली, "घड्याळ कायले पाह्यजे? मी लावतो हिशोब." कोंबडा आरवला की पहिली. गुरं चरायला निघाली की दुसरी. दुपारची एसटी आली की तिसरी. गुरं परतली की चौथी, आणि निजताना पाचवी. मी खूश झाले. इतकं सुटसुटीत वेळापत्रक मला जमलं नसतं.

पुढच्या भेटीत सोमाजीभाऊ काळेठिक्कर पडलेले. आदल्या दुपारपासून कळा, उलट्या, झोप नाही.

"दुपारची गोळी दिली नाही का?"

"नाई देल्ली."

"काऊन बाई?"

रायबाई वैतागून म्हणाली, "यश्टी आलीच नाई त कशी देऊ!"

नाल्यावर पाणी चढलं होतं, एसटी अलीकडूनच परत गेली होती. तिसरी नाही तर चौथीही नाही, असा रायबाईचा हिशोब. नवरा कळवळत होता आणि ही बिचारी दारात बसून रस्त्याकडे बघत होती. गोळी हातात घेऊन! मला हसू आलं, आणि लगेच विरलं. कारण तिनं आमचं ऐकलं होतं. वेळेच्या आधी देऊ नका म्हणून मीच बजावलं होतं.

मग दुपारची गोळी अंगणातल्या खुंट्याच्या सावलीला बांधली. ढग असले तर शेजारची आशाताई मोबाईल बघून आवाज देणार. सावली नाल्याला अडत नाही.

*

गोळीबरोबर दारू अजिबात नाही, हेही मीच सांगितलेलं. सोमाजीभाऊंनी ते मान्य केलं, पण देवाचं काय? त्यांचे देव म्हणजे पेन. सणाला पेनाला मोहाच्या दारूची धार द्यायची आणि मग घरच्या कर्त्यानं घोट घ्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत.

डॉक्टर म्हणाले, "देवाला द्या. तुम्ही घेऊ नका."

"मंग माह्या वाटचं?"

 हे काही डॉक्टरांना कॉलेजात शिकवलं नव्हतं.

सणानंतर गेलो तेव्हा मी विचारलं, "भाऊ, घेतली नाही ना?"

"नाई बाप्पा. माह्या वाटची हिनं पेली." त्यांनी रायबाईकडे बोट दाखवलं. "तिच्या वाटची त तिनं पेलीच होती. संध्याकाळी गोळी कोनाची, ते मलेच तिले सांगा लागलं!"

त्या दिवशी ते भिंतीला टेकून बसले होते आणि सूप विणत होते. गोळी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मला म्हणाले, "शिस्टरबाई, मले जास्त काई नाई पाह्यजे. येवढा मोहा येचून जाऊ द्या." मोह गळायला अजून अवकाश होता. झाडाखाली बसून, स्वतःच्या हातानं फुलं वेचायची, एवढंच त्यांचं मागणं. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टर असं म्हणाले की मला धडकी भरते.

*

पुढची गोष्ट सांगताना गाडीत अजूनही कुणी हसत नाही.

आम्ही शेजारच्या गावात होतो. सकाळी आशाताईचा फोन आला. "मॅडम, लवकर या. बाजीराव उठून नाई राह्यला!" बाजीराव म्हणजे सोमाजीभाऊंचा शेजारी. धडधाकट माणूस, पण पाठदुखीनं हैराण.

पोचलो तेव्हा तो अंगणात आडवा होता. हाक मारली, चिमटा काढला, हूं की चूं नाही. श्वास फार सावकाश, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि मॉर्फिनचा उतारा असलेलं इंजेक्शन मागितलं. ते आमच्या पिशवीत कायम असतं. मी ते भरून दिलं. थोड्या वेळानं बाजीरावानं मोठा श्वास ओढला आणि डोळे उघडले. तसाच गाडीत घातला आणि दवाखान्यात नेऊन भरती केला, कारण उताऱ्याचा असर गोळीच्या आधी संपतो आणि माणूस पुन्हा झोपेत जाऊ शकतो. पुंडलिकभाऊंनी एकही खड्डा न चुकवता गाडी हाणली.

बाजीराव वाचला. मग आम्ही सोमाजीभाऊंकडे आलो. डॉक्टर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"तुम्ही गोळी दिलीत त्याला?"

"देल्ली. एकीनं उतरलं नाई म्हणे, मंग दुसरी देल्ली." वर बाजीरावानं मोहाची घेतली होती, ते यांना माहीत नव्हतं.

"का दिलीत?"

सोमाजीभाऊंना हा प्रश्नच कळला नाही. त्या गावात कुणी मासे धरले तर घरोघर वाटा जातो. ससा मिळाला तरी जातो. ते म्हणाले, "कुडाच्या तिकडून त्याचं कण्हणं आयकू ये. अन् माह्या घरी दुखण्याची दवाई. मी एकट्यानं कसा खाऊ, साहेब?"

डॉक्टर खाली बसले. त्यांचा राग कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी सांगितलं की भाऊ, तुमच्या अंगाला ही गोळी थोडी थोडी वाढवत सोसायला लावली आहे. त्याच्या अंगाला ती नवीन. जी तुम्हाला बसवते, ती त्याला कायमचं झोपवू शकते.

सोमाजीभाऊंनी गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे सरकवला. मग म्हणाले, "मंग मले बी देऊ नका. माह्यापाई मानूस मरत होता."

मला रडू आलं. मोह गळायला आता फार दिवस नव्हते, आणि गोळी बंद म्हणजे हा माणूस खाटेवरून उठणार नव्हता. शिवाय इतक्या दिवसांची गोळी एकदम तोडता येत नाही, त्याचे वेगळे हाल. मी डॉक्टरांकडे बघितलं. रायबाईही बघत होती.

"गोळी बंद होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ती शिक्षा नाही, औषध आहे. पण डब्याला कुलूप लागेल, आणि गोळ्या थोड्या थोड्याच देऊ."

गावाला समजावायचं काम सोमाजीभाऊंनी स्वतः मागून घेतलं. त्यांना खाटेसकट झाडाखाली नेलं. तिथे ते गोंडीत आणि मराठीत जे बोलले, त्यातलं मला एवढं कळलं: "मासा वाटा, मोहा वाटा. हे वाटू नका. ज्याची गोळी त्यालेच!"

*

कुलपाची किल्ली रायबाईनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. त्यानंतर तिच्यापुढे कुणाची डाळ शिजली नाही. तिची स्वतःची दाढ सुजली, तरी ती लवंग धरून बसली. सरपंचाचं डोकं दुखायला लागलं, तो ऐटीत दारात आला, म्हणाला, "एक दे न वं, मी सरपंच हावो."

रायबाई म्हणाली, "गावाचा हायेस. डब्याचा नाई!"

*

मोह गळला. सोमाजीभाऊ पहाटे उजाडताना झाडाखाली चादरीवर बसले आणि हाताच्या टप्प्यातली फुलं त्यांनी वेचली. टप्प्यापलीकडची रायबाईनं त्यांच्याकडे सरकवली. आम्ही गेलो तेव्हा टोपली भरली नव्हती, पण ते आम्हाला ती उचलून दाखवत होते. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींवर चिडते, त्या सकाळी कशावरच चिडले नाही.

पाऊस लागायच्या आधी ते गेले. झोपेत, कळ न येता, असं आशाताईनं कळवलं.

पेशंट गेला की उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या आणि साक्षीनं नष्ट करायच्या, हा आमचा नियम. घरात राहिल्या तर उद्या कुणाच्यातरी पोटात जायच्या. तेव्हा आम्ही गेलो. रायबाईनं कोरा चहा दिला. पुंडलिकभाऊंनी कप हातात धरला आणि मी या वेळी काहीच विचारलं नाही. मग मीच अडखळत गोळ्यांचं काढलं.

ती उठली, डबा घेऊन आली, गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडलं. डबा रिकामा होता.

 डॉक्टर पुढे झुकले. "रायबाई, कोणाला दिल्यात?"

"त्याले देल्ल्या." तिनं शेतापलीकडच्या मोहाच्या झाडांकडे हनुवटी केली. तिथे पुरल्याची ताजी माती दिसत होती. "त्याची कुऱ्हाड देल्ली, पान्याचा तुंबा देल्ला, गोळ्या देल्ल्या. ज्याची गोळी त्यालेच. तुमीच त सांगतलं."

 मी म्हटलं, "अहो, पण आता त्यांना दुखत नाही."

रायबाईनं माझ्याकडे पाहिलं, लहान पोरीकडे पाहावं तसं.

"अन् दुखलं त? तिकडं येते का तुमची गाडी?"